एकाच घरातल्या दोन विजेच्या गाड्या: नेहमी शंभर टक्के, मग नेहमी ऐंशी टक्के

मी विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या तपासून देण्याचं आणि चार्जिंगबद्दल सल्ला देण्याचं काम करतो. हे प्रकरण एका कुटुंबाचं आहे. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते मांडतो आहे. यात झालेल्या दोन चुकांपैकी एक माझी होती. ती इथे पूर्ण लिहिली आहे, कारण तसाच सल्ला आजही सर्रास दिला जातो.

पार्श्वभूमी

घरात तिघं. हिशेबाच्या कामातून निवृत्त झालेले काका, काकू आणि नोकरी करणारी मुलगी. काकांची गाडी चार वर्षांची, बॅटरी ३९ युनिटची, एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारातली. रोजचं धावणं साधारण ३६ किलोमीटर. गॅरेजमध्ये भिंतीवर एक जाड पिनांचं सॉकेट होतं. त्यावर गाडीबरोबर आलेला ३ किलोवॅटचा चार्जर लावायचा, रात्री आठला प्लग घालायचा आणि सकाळी साडेनऊला काढायचा, असा क्रम चार वर्षं चुकला नव्हता. चार्जिंग कुठे थांबावं याचं लिमिट शंभर टक्के.

ही सवय आळसातून आलेली नव्हती. काकूंना हृदयाचा त्रास आहे. एकदा मध्यरात्री त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा घरात पेट्रोलची गाडी होती आणि टाकी जवळजवळ रिकामी होती. त्या रात्रीनंतर काकांनी ठरवलं की गाडी कायम भरलेलीच असणार. पुढचं सगळं वाचताना ही भीती लक्षात ठेवावी लागते.

काकांची एक वहीही आहे. तारीख, किलोमीटर, प्लग लावताना किती टक्के, काढताना किती, आणि शेवटच्या रकान्यात स्क्रीनवरची रेंज. चार वर्षांत घरी असताना एक दिवस सुटलेला नाही. ती वही नसती तर या प्रकरणाचा अर्धा भाग मला कधीच कळला नसता.

अडचण

पहिला फोन काकांचा आला. नवी असताना पूर्ण चार्जवर २६० किलोमीटर दाखवणारी गाडी आता १९५ दाखवत होती. त्यांनी भागाकार करून ठेवला होता: ७५ टक्के. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तरच लागू. म्हणजे बॅटरी संपत आली आहे, पण वॉरंटीत बसण्याइतकी नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आवाजातली काळजी ऐकू येत होती.

मी तेव्हा दुसऱ्या कामावर होतो. फोनवरच सांगितलं, "काका, शंभर टक्के भरणं आधी बंद करा. ऐंशीवर लिमिट लावा, बाकी मी येऊन बघतो." माझं जाणं लांबलं. गाडी चालत होती, त्यामुळे त्यांनीही घाई केली नाही.

दरम्यान मुलीने स्वतःची गाडी घेतली, ५० युनिटची. काकांनी माझा सल्ला तिलाही लावला आणि दोन्ही गाड्यांवर ऐंशीचं लिमिट घातलं. काकांनी मला फोन करून विचारलं होतं, "नवीन गाडीलाही ऐंशीच ना?" मी "हो" म्हणालो. ती बॅटरी कोणत्या प्रकारातली आहे, हे मी विचारलं नाही.

पाच महिन्यांनी मुलगी काकूंना तपासणीहून घेऊन परतत होती. संध्याकाळची वेळ होती आणि स्क्रीनवर १४ टक्के होते. घर जवळ होतं, तिला काळजी करण्याचं कारण नव्हतं. पुढच्या सहा किलोमीटरमध्ये आकडा ४ वर आला आणि गाडीने जोर काढून घेतला. पेडल दाबूनही वेग येईना. मागून वाहनं येत होती, शेजारी काकू बसलेल्या होत्या. तिने गाडी कशीबशी कडेला घेतली. पुढचा तासभर मदतीची वाट बघण्यात गेला. रात्री तिचा मला फोन आला. ती चिडली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "दादा, आम्ही सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. मग असं का झालं?"

तपासणीत काय आढळलं

दुसऱ्याच दिवशी गेलो. आधी काकांची गाडी.

स्क्रीनवरची रेंज म्हणजे बॅटरीची तब्येत नव्हे. तो आकडा अलीकडच्या काही दिवसांच्या वापरावरून काढलेला अंदाज असतो. बॅटरी मोजायची तर तिच्यात प्रत्यक्ष किती वीज मावते ते बघावं लागतं. गाडी १२ टक्क्यांपर्यंत उतरवली, चार्जरच्या आधी मीटर लावला आणि शंभरपर्यंत भरली. मीटरवर ३३.६ युनिट आले. घरच्या चार्जिंगमध्ये चार्जर आणि तारांमध्ये साधारण दहा टक्के वाया जातात असं धरलं, तर बॅटरीत सव्वातीस युनिट गेले. ते ८८ टक्क्यांसाठी, म्हणजे पूर्ण बॅटरी सुमारे ३४.४ युनिटची. नव्या बॅटरीच्या ८८ टक्के. डायग्नोस्टिक पोर्टमधून बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेचा, स्वतःचा आकडा वाचला, तोही ८७ निघाला.

म्हणजे ७५ ही भीती खोटी होती. उरलेली घट वापरातली होती. दोन टायरमध्ये हवा बरीच कमी होती, आणि अलीकडच्या फेऱ्या छोट्या, थांबत-थांबत, एसी पूर्ण लावून केलेल्या होत्या.

तरीही चार वर्षांत १२ टक्के ही घट थोडी जास्तच आहे. सुरुवातीच्या वर्षात क्षमता लवकर उतरते आणि नंतर वेग मंदावतो हे खरं, पण इतक्या कमी धावणाऱ्या गाडीत मी यापेक्षा चांगला आकडा धरला असता. कारण वहीत सापडलं. ३६ किलोमीटरला साडेपाच युनिटही लागत नाहीत, म्हणजे बॅटरीचा १४ टक्के भाग. प्लग लावतानाचा रकाना वरून खाली वाचत गेलो: ८६, ८५, ८७, ८६, ८६. पानामागून पान तेच. ही बॅटरी चार वर्षांत ८५ च्या खाली फारशी गेलीच नव्हती. भरायला दोन तास पुरायचे, म्हणजे रात्री दहाला शंभर व्हायची आणि सकाळी साडेनऊपर्यंत तशीच उभी. वर्षाला सुमारे चार हजार तास पूर्ण भरलेल्या अवस्थेत.

बॅटरी नुसती उभी असतानाही म्हातारी होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चार्ज झालेल्या सेलमध्ये ग्राफाइटच्या बाजूला, म्हणजे ऋण टोकाला, लिथियम भरलेलं असतं. तिथे इलेक्ट्रोलाइटशी, म्हणजे सेलमधल्या द्रावणाशी, अभिक्रिया होऊन एक पातळ थर साचत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. दुसऱ्या टोकाला, एनएमसी सेल ४.२ व्होल्टच्या जवळ असला की कॅथोडपाशी, म्हणजे धन टोकापाशी, इलेक्ट्रोलाइट ऑक्सिडाइज होऊ लागतं. चार्ज जितका वर आणि तापमान जितकं जास्त, तितकं हे सगळं वेगाने चालतं. दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. काकांचं गॅरेज बंद, पत्र्याचं, दुपारनंतर तापणारं. शिवाय वहीत एका ठिकाणी सलग सहा आठवडे कोरे होते. कुटुंब बाहेरगावी गेलं होतं आणि गाडी शंभर टक्क्यांवर, प्लग लावलेल्या अवस्थेत, त्याच गॅरेजमध्ये उभी होती. एका सुट्टीत हजार तास.

मग मुलीची गाडी. पुस्तिकेचं बॅटरीचं पान उघडलं आणि मला माझी चूक दिसली. ती बॅटरी एलएफपी होती, लिथियम आयर्न फॉस्फेटची. त्याच पानावर स्पष्ट लिहिलं होतं: आठवड्यातून किमान एकदा शंभर टक्के चार्ज करा.

एनएमसी सेलचं व्होल्टेज चार्जबरोबर बऱ्यापैकी एकसारखं चढतं-उतरतं, त्यामुळे व्होल्टेजवरून किती चार्ज उरला याचा अंदाज येतो. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट राहतं. सपाट माळावर चालताना आपण किती आलो हे उंचीवरून सांगता येत नाही, चढ लागला तरच कळतं. हा चढ पूर्ण चार्जच्या अगदी जवळ लागतो. तिथे पोहोचेपर्यंत बीएमएस आत-बाहेर जाणारा करंट मोजून हिशेब ठेवतं, आणि त्या हिशेबात रोज थोडी चूक साचते. पाच महिने गाडी ऐंशीच्या वर गेलीच नाही, त्यामुळे हिशेब कधी ताळ्यावर आला नाही. त्या संध्याकाळी स्क्रीनवर १४ होते, बॅटरीत मात्र पाचच्या आसपास असावेत.

आणखी एक गोष्ट, जी शोधायला मी गेलो नव्हतो. मीटर लावण्यासाठी प्लग काढला तर पिना बोटाला चटका देत होत्या. सॉकेटच्या खालच्या भोकाभोवती पिवळट-तपकिरी कडं उमटलं होतं आणि प्लास्टिक किंचित वाकलं होतं. पूर्वी दोन तास चालणारं सॉकेट आता दोन गाड्यांमुळे काही रात्री सहा-सात तास चालत होतं. बॅटरीच्या आयुष्याची चर्चा करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते होतं आणि कोणी वाकून बघितलं नव्हतं. त्या रात्री चार्जिंग बंद ठेवलं.

कोणते पर्याय होते

वॉरंटीचा प्रश्न लगेच मिटला. ८८ आणि ७० मध्ये बरंच अंतर आहे. गाडी विकायची का, हेही काकांनी विचारलं. मी नको म्हणालो. ३४ युनिटची बॅटरी त्यांच्या रोजच्या गरजेच्या सहापट आहे.

दुसरा विचार काकांच्या एका स्नेह्यांनी सुचवलेला: रोज चार्ज करू नका, बॅटरी वीसपर्यंत उतरली की मगच भरा, म्हणजे चार्जिंगच्या "वेळा" वाचतील. हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. प्लग किती वेळा लावला हे बॅटरी मोजत नाही. दहा-दहा टक्क्यांच्या दहा फेऱ्या मिळून एक पूर्ण फेरी होते, आणि अशा उथळ फेऱ्या एका खोल फेरीपेक्षा सेलला सोप्या जातात. रोज लावणं ठीकच होतं. कुठपर्यंत भरायचं आणि तिथे किती तास ठेवायचं, हे बदलायला हवं होतं.

तिसरा प्रश्न सॉकेटचा. काका वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर कायमचा बसवायचा चार्जर, लावायला नाखूश होते. "हळू चार्ज केलं की बॅटरी टिकते, म्हणूनच साध्या सॉकेटवर ठेवलंय." तत्त्व बरोबर आहे, पण ते कुठे लागू होतं ते बघावं लागतं. ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स ३९ युनिटच्या बॅटरीला पूर्ण भरायला पाच तासांच्या वर घेतो. सेलच्या दृष्टीने हे हळूच आहे. ५० किलोवॅटच्या वेगवान डीसी चार्जरवर तीच बॅटरी पाचपटीहून जास्त वेगाने वीज ओढते. तिथे, आणि त्यातही बॅटरी गोठणबिंदूच्या खाली असेल तर, ग्राफाइटवर धातूरूपी लिथियम साचण्याची भीती खरी असते. ३ आणि ७ किलोवॅटमध्ये बॅटरीला जाणवेल असा फरक नाही. सॉकेटला मात्र जाणवतो, आणि तो दिसतच होता.

खरा निर्णय काकांच्या लिमिटचा होता. रोज १४ टक्के लागतात, म्हणजे साठवर ठेवली तरी चालेल असं माझं मत. काका ऐंशीच्या खाली यायला तयार नव्हते. "रात्री-अपरात्री निघावं लागलं तर?" या प्रश्नाला बॅटरीच्या रसायनशास्त्राने उत्तर देणं बरोबर नव्हतं. आम्ही वही घेऊन बसलो. सत्तर टक्के म्हणजे २४ युनिट. टायरची हवा भरल्यावर ते दीडशे किलोमीटरला पुरतात. दवाखाना अकरा किलोमीटरवर. ज्या मोठ्या रुग्णालयात काकूंची शस्त्रक्रिया झाली होती ते ५२ किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १०४. दोन्ही आकडे त्यांनी स्वतः लिहिले, वजाबाकी केली आणि म्हणाले, "सत्तर चालेल."

मुलीच्या गाडीत पेच वेगळा होता. एलएफपी रोज शंभर भरली तरी चालते, असं सरसकट सांगितलं जातं. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांचा गट लिथियम-आयन सेलच्या आयुष्यमानावर अनेक वर्षं काम करतो आहे. त्यांच्या चाचण्यांमध्ये एलएफपी सेलही सतत वरच्या चार्ज पातळीवर वापरले तर क्षमता लवकर गमावताना दिसले. म्हणजे उभ्या-उभ्या झीज तिथेही आहे, फक्त ती एनएमसीपेक्षा सौम्य असते. दुसरीकडे पूर्ण चार्ज टाळला तर आकडा भरकटतो, आणि त्याची किंमत आम्ही रस्त्याच्या कडेला मोजली होती. या दोहोंमध्ये मी विश्वासार्ह आकड्याला जास्त महत्त्व दिलं.

काय केलं

सॉकेट काढून टाकलं. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, अर्थ लीकेज ब्रेकर आणि तपासलेलं अर्थिंग, त्यावर वॉलबॉक्स. हे काम इलेक्ट्रिशियनने केलं.

त्याआधी, तात्पुरत्या सुरक्षित लाइनवर, मुलीची गाडी जुन्याच ३ किलोवॅटच्या चार्जरने शंभरपर्यंत भरली. आम्ही तिघं मीटरसमोर बसलो होतो. स्क्रीनवर ९९ आलं आणि तिथेच थांबलं. दहा मिनिटं, अर्धा तास, एक तास. स्क्रीन हलेना, मीटर मात्र फिरत होता. दोन तासांना थोडा वेळ उरला असताना शंभर झाले. तेवढ्या वेळात साडेपाच युनिट गेले होते. पाच महिन्यांची साचलेली चूक त्या थांबलेल्या ९९ मध्ये आमच्या समोर उलगडली.

मग सवयी ठरल्या. काकांची गाडी रोज सत्तरपर्यंत, आणि टायमर असा की चार्जिंग सकाळी निघण्याच्या सुमारास संपावं. लांबच्या प्रवासाला शंभर जरूर भरायचे, पण संपण्याची वेळ निघण्याच्या वेळेला जुळवून. काही दिवस घर बंद असेल तर पन्नासच्या आसपास ठेवून जायचं. मुलीची गाडी आठवडाभर ऐंशीपर्यंत, आणि शनिवारी रात्री शंभर, जेणेकरून रविवारी सकाळी ती लगेच बाहेर पडेल. गॅरेजच्या भिंतीत वर हवेसाठी एक झरोका काढला.

वेगळं काय करता आलं असतं

मी फोनवर सल्ला द्यायला नको होता, किमान दुसऱ्या गाडीबद्दल. एक प्रश्न पुरेसा होता: पुस्तिकेत बॅटरीच्या पानावर काय लिहिलंय ते वाचून दाखवता का? मुलीला ते पान शोधायला दोन मिनिटं लागली असती. पहिल्या पूर्ण चार्जच्या वेळी मी आणखी एक अनावश्यक आग्रह धरला. गाडी आधी पाच टक्क्यांपर्यंत उतरवा म्हणालो. वरचा चढ गाठणंच हिशेब जुळवायला पुरेसं होतं. ताज्या अनुभवानंतर तिला पुन्हा रिकाम्या गाडीत फिरायला लावणं चुकलं.

कुटुंबाच्या बाजूने एकच गोष्ट खटकते. गाडी घेतली त्याच महिन्यात एकदा मीटर लावून क्षमता मोजली असती तर तुलनेला पक्का आकडा मिळाला असता. आम्ही कागदावरच्या ३९ ला नव्या बॅटरीचा आकडा धरलं. प्रत्यक्षात ती पहिल्या दिवशी ३८.५ असेल किंवा ३९.५. शंभरच्या सवयीबद्दल मी काकांना दोष देत नाही. सुट्टीचे सहा आठवडे टाळता आले असते, पण ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आजची स्थिती

चौदा महिने झाले. काकांच्या बॅटरीची परत मोजणी केली तेव्हा ३४.१ युनिट आले. याला यश म्हणणार नाही, कारण अशा मोजणीत दोन-तीन टक्क्यांची चूक सहज होते. घट वाढलेली दिसत नाही, एवढंच म्हणता येईल. गेलेले १२ टक्के परत येणारे नाहीत. मुलीच्या गाडीत शनिवारचं ९९ आता काही मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही, आणि आकडा पुन्हा कधी कोसळला नाही.

मधल्या काळात एका रात्री दोन वाजता काकूंना खरंच न्यावं लागलं. वहीत त्या तारखेला नेहमीच्याच अक्षरात नोंद आहे: निघताना ६४, परत आल्यावर ५४, २२ किलोमीटर. काकू बऱ्या आहेत. पुढच्या आठवड्यात काकांनी फोन करून विचारलं, आता साठवर आणू का लिमिट? मी म्हटलं, नको, सत्तरच असू द्या. शंभरावरून सत्तरवर आलात त्यात मोठा फायदा पदरात पडला, पुढच्या दहासाठी तुमची झोप मोडायला नको.